मालकाचं आडनाव

बाळ अकरा दिवसांचं झालं तरी त्याच्या जन्माच्या फॉर्मवर आडनावाचा रकाना कोराच होता. बाळाच्या बापानं, म्हणजे धाकट्यानं, दोनदा पेन टेकवलं होतं आणि दोन्ही वेळा आक्कानं ते त्याच्या हातातून काढून घेतलं होतं. आक्का त्याची थोरली बहीण. पंचेचाळीस उलटलेली, बिनलग्नाची, हाताला राठ आणि जिभेला त्याहून राठ. तिच्यासमोर पेन घट्ट धरून ठेवायची हिंमत धाकट्यात कधीच नव्हती.

"माझ्या भाचीला ते नाव लागणार नाही," ती म्हणाली.

"मग काय लावू? भट्टीचा नंबर?"

"आधी घमेलं उचल. ऊन चढायच्या आत तळाचा थर पडला पाहिजे."

भट्टी भरायचा दिवस होता. पाऊस पंधरा-वीस दिवसांवर आला होता आणि त्याच्या आत एक भरती भाजून, काढून, झाकून व्हायला हवी होती, कारण भाजलेल्या चुन्याला पाणी लागलं की तो तापतो, फुटतो आणि जवळ असेल त्याला भाजतो. आक्का भट्टीच्या विहिरीसारख्या पोटात उतरली. वरून धाकटा आणि त्याची बायको घमेली सोडत होते. ओली बाळंतीण, पण बाळ टोपलीत झाकून ती बाराव्या दिवसाची वाट न बघता कामाला उभी राहिली होती. खाली कोळसा, त्यावर मुठीएवढ्या फोडलेल्या चुनखडीचा थर, पुन्हा कोळसा. दगड हातानं लावावा लागतो. नुसता ओतला की वारा कोंडतो आणि मधला माल कच्चा राहतो. आक्काच्या बोटांना आडव्या भेगा होत्या आणि प्रत्येक भेगेत पांढरं भरलेलं होतं. ते धुऊन जात नसे. तिनं धुणं सोडून दिलं होतं.

आबा, म्हणजे त्यांचे वडील, भट्टीच्या तोंडाशी दगडावर बसून होते. डोळ्यांत चुना जाऊन जाऊन एक डोळा पार गेला होता आणि दुसऱ्याला माणूस आणि खांब यांतला फरक तेवढा कळायचा. पण कान शाबूत होते.

"बदलून टाका ते नाव," आबा म्हणाले. "माझंही बदला. मरताना तरी माझ्या बापाचं नाव असू दे कागदावर. थोरल्या मालकानं बळंच लावलं. हजेरीवर लिहून टाकलं कारकुनानं, मी काय करणार होतो?"

हे वाक्य आक्कानं आयुष्यभर ऐकलं होतं. शब्द कधी बदलत नसत.

भट्टीवर बावीस घरं. एकवीस घरांना ज्याचं त्याचं आडनाव होतं आणि या एका घराला मालकाचं. आता मजुराला मालकाचं आडनाव कसं, हा प्रश्न पडायला फार अक्कल लागत नाही, आणि त्याचं उत्तर बनवायला तर मुळीच लागत नाही. वस्तीनं उत्तर कधीच बनवून टाकलं होतं. ते आईवर बनवलं होतं. शाळेत हजेरी घेताना मास्तर आक्काचं पूर्ण नाव उच्चारायचे आणि मागच्या बाकावर खसखस पिकायची. पुढे एक स्थळ आलं. मुलगा टेम्पो चालवणारा, साधा. त्याच्या मामानं चहाचा कप हातात घेऊन विचारलं, "तुम्हाला मालकांचं आडनाव कसं काय?" आबा जमिनीकडे बघत राहिले. आई आत चुलीपाशी होती. मामानं कप अर्धा ठेवला आणि मंडळी उठली. त्यानंतर दोन वर्षांत आई छातीच्या दुखण्यानं गेली. शेवटपर्यंत ती पाण्याच्या टाकीवर सगळ्यांच्या नंतर जायची, कारण ती आली की बायका बोलायच्या थांबायच्या.

आक्काला राग येई तो या सगळ्याचा. तो रोज येई, आणि रोज भट्टीत कामाला लागे.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवून, तोंडाशी आबांना बसवून ती कचेरीत गेली. खिडकीमागचा कारकून तिच्याकडे न बघता म्हणाला, "खिडकीला टेकू नका. पांढरं होतं सगळं."

ती मागे झाली. फॉर्म पुढे सरकवला.

"आडनाव बदलायचंय. घरातल्या सगळ्यांचं. बाळाचा दाखला नव्या नावानं पाहिजे."

कारकुनानं आधीचं आडनाव वाचलं, आणि मग मात्र मान वर केली. तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"मालकांचे कोण तुम्ही?"

"मजूर."

"तसं नाही, नात्यानं."

"कोणी नाही."

"मग हे आडनाव..." त्यानं वाक्य अर्धं सोडलं आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे बघून ओठ दाबले. आक्काच्या कानशिलात रक्त चढलं. तिनं हात मागे घेतले, कारण ते पुढे राहिले असते तर काहीतरी झालं असतं.

"काय लागेल ते सांगा," ती म्हणाली.

"पूर्वीचं आडनाव कोणतं होतं, त्याचा पुरावा. ते कधी बदललं, कोणी बदललं, तेही. दोन साक्षीदार. आणि बाळाचा फॉर्म महिन्याच्या आत आला नाही तर वडिलांचं आहे तेच नाव चढणार. मग वर्षानुवर्षं फिरत बसा."

"कोणी बदललं म्हणजे? भट्टीवरच्या कारकुनानं हजेरीत लिहिलं."

"मग हजेरी आणा," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

हजेरीची जुनी पुस्तकं मालकाकडे होती. मालक, म्हणजे थोरल्या मालकाचा मुलगा, वजनकाट्याच्या खोलीत बसायचा. पंखा त्याच्या एकट्याच्या अंगावर फिरेल असा लावलेला. आक्का दारात उभी राहिली. त्यानं दोन गाड्यांचं वजन केलं, एक फोन घेतला, कोणाशी तरी जावयाच्या नोकरीबद्दल बोलला. तासभर गेला. खोलीत दोन खुर्च्या मोकळ्या होत्या.

"भट्टी सोडून इकडे कशी?"

"आग लागलीय नीट. परवापर्यंत हात लावायचा नाही. मला जुनी हजेरी बघायचीय, मालक. आबा कामाला लागले तेव्हापासूनची."

"कशाला?"

"आडनाव बदलायचंय."

मालक हसला. मोकळेपणानं हसला, तेच तिला जास्त लागलं. "का गं? आमचं नाव वाईट आहे का? इतकी वर्षं फुकट वापरलंत की."

"फुकट नाही वापरलं," आक्का म्हणाली.

त्याला ते आवडलं नाही. दुसरी कोणी असती तर त्यानं तिला दुसऱ्या दिवसापासून दगड फोडायला पाठवलं असतं. पण आगीचा रंग बघून भट्टी कुठे कमी आणि कुठे जास्त भाजलीय ते सांगणारी आक्काच होती, आणि हंगामाची शेवटची भरती पोटात होती. त्यानं किल्ली टेबलावर टाकली.

"मागच्या खोलीत फडताळात आहेत. बघ. पण आधी तुझ्या आबाला विचारायला हवं होतंस तू."

ती तेव्हा त्या बोलण्यावर थांबली नाही. मागच्या खोलीत जमिनीवर बसून तिनं एकेक पुस्तक उघडलं. सातवीपर्यंतची शाळा झालेली. वाचता येई, पण बोट ठेवून. आबांचं नाव सापडलं. त्यांच्या वडिलांच्या आडनावासकट. महिन्यामागून महिना, तीन वर्षं, तेच नाव आणि तेच आडनाव. मग एका पानावर अचानक मालकाचं. तिनं पान उजेडाकडे धरलं. खाडाखोड नव्हती. वर ठासून काही लिहिलेलं नव्हतं. कारकुनानं समासात बारीक अक्षरात एक आकडा आणि एक तारीख टाकली होती आणि लिहिलं होतं: राजपत्र पाहावे.

बळंच लावलेल्या नावासाठी राजपत्र कशाला काढतात, हे तिला कळेना. म्हणजे थोडं थोडं कळत होतं, आणि ते कळू नये असं तिला वाटत होतं.

राजपत्रं जिल्ह्याच्या जुन्या दप्तरखान्यात होती. तिथली बाई नाकाला फडकं बांधून बसली होती. आक्काचे हात बघून तिनं तिला टेकू नका वगैरे म्हटलं नाही. उलट कागद उलटायला बोटांवर घालायच्या रबरी टोप्या दिल्या. "कागद जुने आहेत, भेगेत अडकून फाटतील," ती म्हणाली. एवढ्या दिवसांत माणसासारखं बोलणारं ते पहिलंच कोणीतरी होतं, आणि आक्काला त्याचाही राग आला, कारण त्यानं तिचे डोळे भरून आले.

तारीख माहीत होती तरी दोन दिवस लागले. त्या वर्षाचे गठ्ठे वाळवी लागली म्हणून हलवले होते आणि कुठे हलवले ते लिहून ठेवणारा निवृत्त झाला होता. पहिल्या दिवशी दप्तर बंद व्हायच्या वेळी ती रिकाम्या हातानं परतली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईनं खालच्या फळीवरून एक गठ्ठा ओढून काढला, सुतळी सोडली आणि आकडा जुळवून पान पुढे केलं.

"हे घ्या. तुम्हीच वाचता का मी वाचू?"

"मी वाचते."

बोट ठेवून तिनं वाचलं. चुनाभट्टी कामगार, राहणार भट्टी वसाहत, यांनी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय अर्ज करून कळवले आहे की यापुढे ते आपले आडनाव सोडून पुढील आडनाव लावतील. कारण: सदर घराण्याशी नाते. खाली आबांची सही. आबा तेव्हा डोळस होते. सही ठळक होती, शेवटी एक रेघ ओढलेली.

त्याच्या खाली कुटुंबातल्या माणसांचा तक्ता होता. मुलगी, वय तीन वर्षे. वडिलांची संमती. ती मुलगी म्हणजे ती स्वतः. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती.

पत्नी. समक्ष विचारणा केली. अंगठा देण्यास नकार. संमती नाही. पूर्वीचे आडनाव कायम.

आक्कानं ती ओळ तीनदा वाचली. मग तिनं बाईला विचारलं, "कायम म्हणजे? पुढे?"

"पुढे काही अर्ज केला नसेल तर शेवटपर्यंत. तुमच्या आई का?"

"हो."

"खमक्या दिसतात," बाई म्हणाली.

आई खमकी होती हे आक्काला कोणी सांगितलं नव्हतं. आई हळू बोलायची, भिंतीकडेनं चालायची. कारकुनासमोर, आबांसमोर, आणि बहुतेक थोरल्या मालकासमोर, ती बाई उभी राहून नाही म्हणाली होती, आणि तिनं ते घरी येऊन कोणाला सांगितलंही नव्हतं. दप्तरखान्यातल्या बाईनं नक्कल काढून शिक्का मारून दिला. आक्कानं कागद फडक्यात गुंडाळून पोटाशी धरला आणि बसमध्ये वस्ती येईपर्यंत ती दात आवळून बसली. शेजारची बाई उठून दुसऱ्या जागेवर गेली.

पोचली तेव्हा धाकट्यानं भट्टीचं खालचं तोंड उघडलं होतं. भाजलेला चुना पहारीनं ओढून बाहेर काढायचं काम चालू होतं. धग पायाच्या नडग्यांना लागत होती. आभाळात ढग नव्हते, पण वारा फिरला होता. आबा फडक्यानं तोंड झाकून बाजूला बसले होते. आक्कानं धाकट्याच्या हातातून पहार घेतली नाही. ती आबांसमोर उकिडवी बसली.

"राजपत्र सापडलं."

आबांचा हात गुडघ्यावर होता, तो हलायचा थांबला.

"स्वखुशीनं लिहिलंय. सही तुमची आहे. शेवटी रेघ ओढलीत."

धाकटा पहार टेकवून जवळ आला. "काय स्वखुशीनं?"

"आपलं आडनाव. यांनी मागून घेतलंय ते. मालकाशी नातं आहे असं लिहून दिलंय."

"आबा?" धाकटा म्हणाला.

आबा खोकले. बराच वेळ खोकले. मग बोलले ते भट्टीकडे तोंड करून.

"रस्त्याकडेच्या दगडी खोल्या सरकारनं मालकाच्या घरच्या माणसांना म्हणून मंजूर केल्या होत्या. सहा खोल्या. घरची माणसं पाचच निघाली. सहावी परत गेली असती. थोरला मालक म्हणाला, तू लाव आमचं नाव, आमचा लांबचा भाऊ हो कागदावर, खोली तुझी." त्यांनी तोंडावरचं फडकं सारखं केलं. "तुझ्या आधी एक मुलगा झाला होता आम्हाला. पावसाळ्यात. झोपडी गळत होती, त्याला ताप आला. पाच दिवसांत गेला. तुला कसं कळणार ते."

"नाही कळणार," आक्का म्हणाली. "सांगितलंत कुठे?"

"खोली तुझ्यासाठीच घेतली."

"खोलीचं मी काही म्हणतच नाही. खोलीसाठी नाव विकलंत, विकलंत. मीही विकलं असतं कदाचित." तिचा आवाज चढला नव्हता, धाकट्याला त्याचीच भीती वाटली. "आईला टाकीवर बायका बोलायच्या तेव्हा तुम्ही कुठे होतात? ती माणसं चहा टाकून उठली, तेव्हा तुम्ही जमिनीकडे बघत होतात. एक वाक्य बोलायचं होतं. खोलीसाठी घेतलं, बायकोचा काही संबंध नाही. एवढंच."

"बोललो असतो तर खोली गेली असती. खोटं लिहून दिलं म्हणून मला आत टाकलं असतं."

"म्हणून आईला टाकलंत."

आबांनी चेहरा वळवला. धाकट्याची बायको बाळाला घेऊन उभी होती. ती दोन पावलं मागे सरकली.

"आईनं अंगठा दिला नाही," आक्का धाकट्याला म्हणाली आणि कागद त्याच्या हातात दिला. "वाच. शेवटची ओळ. तिचं नाव कधी बदललंच नाही. सगळ्या वस्तीनं ज्या नावावरून तिला नासवलं, ते तिनं एक दिवससुद्धा लावलं नव्हतं."

धाकट्यानं वाचलं. तो आई गेली तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याला तिच्या हाताचा वास आठवत होता आणि बाकी फारसं काही नाही. त्यानं कागद परत दिला, पहार उचलली आणि भट्टीच्या तोंडात इतक्या जोरात घातली की आतला अर्धा ढीग एकदम खाली आला. पांढरी गरम धूळ उसळली. सगळ्यांनी तोंडं झाकली.

"खोलीचं काय पण?" धूळ बसल्यावर तो म्हणाला. घाम पुसत, तिच्याकडे न बघता. "नाव बदललं तर मालक बाहेर काढेल. लहान बाळ आहे."

"खोली आबांच्या नावावर आहे."

"आबाही बदलतायत ना?"

आक्कानं आबांकडे बघितलं. "ते त्यांच्यावर आहे. आबा, उद्या कचेरीत चला. दोन साक्षीदार लागतात. दप्तरखान्यातली बाई एक येते म्हणालीय, दुसरी बोळकी. तिच्यासमोर आणि कारकुनासमोर तुमच्या तोंडानं सांगा, नाव का घेतलं ते. सांगितलंत की मी तुमचा फॉर्म माझ्या हातानं भरते. खोली गेली तर गेली, मी भट्टीमागे पत्रे ठोकीन. पण सांगायचं."

बोळकी म्हणजे वस्तीतली सगळ्यात जुनी बाई. तोंडात एक दात नाही आणि तरीही सगळ्या वस्तीला चावून झालेलं. आईबद्दलची पहिली कुजबूज तिच्या ओट्यावरून निघाली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती आनंदानं यायला तयार झाली. कचेरीत काही बघायला मिळणार म्हटल्यावर ती न जेवतासुद्धा आली असती.

सकाळी आबांनी धुतलेला सदरा घातला. आक्कानं त्यांच्या भुवयांतला चुना ओल्या फडक्यानं पुसला. जरा जोरातच पुसला. बसमध्ये बोळकी खिडकीशी बसून आबांशी जुन्या गोष्टी बोलत होती आणि आबा मधूनमधून हसलेही. आक्काला वाटलं, सांगतील. एवढं सोपं आहे, सांगतील.

खिडकीवर तोच कारकून होता. त्यानं राजपत्राची नक्कल बघितली, शिक्का बघितला. या वेळी तो टेकू नका म्हणाला नाही. सगळं बरोबर होतं म्हणून त्याचा थोडा हिरमोड झालेला दिसत होता. त्यानं आधी धाकट्याची सही घेतली, बाळाच्या फॉर्मवर त्याची सही घेतली, मग आक्काची. मग आबांना पुढे बोलावलं. आबांना आता सही जमत नव्हती. कारकुनानं शाईचा पॅड पुढे केला आणि आक्कानं आबांचा अंगठा धरून त्यावर दाबला.

"आजोबा, एक विचारायचं असतं," कारकून म्हणाला. "राजपत्रात तुम्ही लिहिलंय, नातं असल्यानं नाव घेतलं. आता म्हणताय नातं नाही. मग तेव्हा का घेतलं होतंत? तुमच्या तोंडून सांगा, मी लिहितो."

खिडकीपाशी रांग होती. मागे सात-आठ माणसं. दप्तरखान्यातली बाई, बोळकी, धाकटा. आबांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण ते चुन्यानं रोजच यायचं. आक्का त्यांच्या ओठांकडे बघत होती. आयुष्यात तिनं कोणाच्या ओठांकडे एवढ्या आशेनं बघितलं नव्हतं.

"थोरल्या मालकानं बळंच लावलं," आबा म्हणाले. "हजेरीवर लिहून टाकलं कारकुनानं. मी काय करणार होतो?"

बोळकीनं मान डोलावली. तिला हे माहीतच होतं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं, आणि त्या माहितीच्या मागे आईबद्दलचा जो संशय उरतो तोही तिथेच, जसाच्या तसा होता.

आक्कानं हात पुढे केला आणि काचेच्या खालून आबांचा फॉर्म बाहेर ओढून घेतला.

"अहो, तो इकडे द्या. त्यांचा अंगठा घ्यायचाय," कारकून म्हणाला.

"यांचा राहू द्या."

"म्हणजे? यांचं बदलायचं नाही?"

"नाही. यांनी ते मागून घेतलंय. त्यांच्याकडेच राहू दे. खोलीसकट." तिनं फॉर्म चार घड्या घालून कमरेला खोचला. मग ती बोळकीकडे वळली आणि नकलेतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. बोळकीला वाचता येत नव्हतं, म्हणून आक्कानं मोठ्यानं वाचलं, एकेक शब्द सुटा, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा. "पत्नी. समक्ष विचारणा केली. अंगठा देण्यास नकार. संमती नाही." मग कागदावरचं बोट उचलून ती म्हणाली, "हे नाव आबांनी खोलीसाठी घेतलं. आईनं लावलंच नाही."

बोळकीचं तोंड हललं. "म्हणजे तिनं..."

"तिनं काही केलं नाही. तुम्ही जे म्हणत होतात तेही नाही. आता घरी गेल्यावर हे सांगा. ते सांगायला तुम्हाला दोन दिवस लागले होते म्हणे. हे एका दिवसात झालं पाहिजे."

बोळकी खाली बघायला लागली. एवढ्या वर्षांत तिला कोणी खाली बघताना बघितलं नव्हतं.

कारकुनानं घसा साफ केला आणि उरलेल्या कागदांवर शिक्के मारायला घेतले. आक्काच्या फॉर्मवर एक ओळ राहिली होती. तो लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला, "धारण करायचं आडनाव, वडिलांचं पूर्वीचं."

"नाही," आक्का म्हणाली. "आईचं लिहा."

"बाई, एकच आहे की ते. अक्षरन् अक्षर एक."

"एक नाही. यांनी टाकलं. तिनं टाकलं नाही. आईचं लिहा. बाळाच्या फॉर्मवर आजीचं लिहा."

कारकुनानं तिच्याकडे पाहिलं, मग आबांकडे, आणि लिहिलेलं खोडून त्यानं पुन्हा लिहिलं. धाकट्यानं वाकून बघितलं.

आबांना दिसत नव्हतं. काय लिहिलं, काय खोडलं, कोणता कागद कुठे गेला, त्यांना फक्त ऐकू येत होतं. शाई लागलेला अंगठा त्यांनी खिडकीच्या कडेवर वर धरून ठेवला होता, कोणीतरी त्याखाली कागद सरकवेल म्हणून. मागचा माणूस पुढे आला, त्यानं आपले कागद काढले, आणि तरी आबांनी तो हात खाली घेतला नव्हता.